जुनी गाडी खाली घेताना

धुळे-जळगाव हमरस्ता एरंडोलवरून जातो. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. या रस्त्याच्या कडेच्या गॅरेजांत आपली कितीतरी मुले पाना-पकड धरून पोटाला लागली. जीप, ट्रक, ट्रॅक्टर ही त्यांची नेहमीची कामे. अलीकडे मात्र एक हौशी गिऱ्हाईक येऊ लागले आहे. वाड्यात धूळ खात पडलेली फिएट, ॲम्बॅसडर, क्वचित बेबी हिंदुस्थान बाहेर काढायची, रंगवायची आणि ऐटदार दिसावी म्हणून मागून दोन इंच खाली घ्यायची. मालक म्हणतो, "ठोकळे टाकून दे रे भाऊ, तासाभराचं तर काम." काम तासाभराचेच आहे. पण पुढे त्याच गाडीत नवरा-नवरी, करवली आणि दोन लेकरे बसणार असतात, हे काम करणाऱ्याने विसरू नये.

आधी मूळ गोष्ट. मागचा ॲक्सल पाट्यांवर यू बोल्टने आवळलेला असतो. बेबी हिंदुस्थान म्हणजे जुनी मॉरिस मायनर. तिचे पाटे ॲक्सलच्या खाली असतात. ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये एक इंचाचा ठोकळा घातला की गाडी बरोबर एक इंच खाली येते. ट्रकचे पाटे बहुधा ॲक्सलच्या वर असतात; तिथे तोच ठोकळा गाडी उंच करतो. म्हणून बोल्ट सोडण्यापूर्वी गाडीखाली निजून पाटा कुठे आहे ते डोळ्यांनी पाहावे. ऐकीव माहितीवर जाऊ नये.

दुसरे, माप. जुन्या गाडीचे पाटे वर्षानुवर्षे बसलेले असतात, बहुधा एक बाजू जास्त. गाडी सपाट जागेवर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्हीकडे माप घ्यावे. तीन-चार सुतांचा फरक निघाला तर ठोकळ्यांचा विचार सोडून गाडी आधी पाटेवाल्याकडे न्यावी. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक ठोकळा घालून गाडी सरळ करणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

मग मागच्या सीटवर तिघांना बसवावे, डिकीत सामान ठेवावे आणि ॲक्सल व वरचे बंप रबर यांतील जागा मोजावी. ठोकळा जितका जाड, तितकी ही जागा कमी होते. भरल्या गाडीत दोन इंच उरत असतील आणि तुम्ही दोन इंचाचा ठोकळा घातला, तर पहिल्याच गतिरोधकावर लोखंड लोखंडावर आपटणार. रबर कापून जागा करणारेही महाभाग आहेत! रिकामी गाडी पाहून ठोकळा निवडणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक. माझ्या मते आपल्या रस्त्यांना एक इंच पुष्कळ झाला.

ठोकळा भरीव लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा, पाट्याच्या पूर्ण रुंदीचा हवा. त्याच्या एका अंगाला सेंटर बोल्टचे डोके बसेल असे भोक आणि दुसऱ्या अंगाला ॲक्सलच्या भोकात बसणारी खुंटी असते. ॲक्सल जागेवर धरून ठेवते ती हीच जोडी. मी उमेदवारी करीत असताना एका मिस्तरीने सागाचे तुकडे घातलेले पाहिले. महिन्याभरात लाकूड चेपले, यू बोल्ट ढिले झाले आणि ॲक्सल एका बाजूने मागे सरकला. गाडी खेकड्यासारखी तिरकी धावू लागली. जीव वाचले ते केवळ वेग कमी होता म्हणून.

जुने यू बोल्ट पुन्हा वापरू नयेत. ठोकळ्याच्या जाडीइतके लांब नवे बोल्ट आणि नव्या नटा घ्याव्यात, चारही कोपरे सारखे आवळावेत आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावावा. सायलेन्सरचा पाईप ॲक्सलवरून जात असेल तर तो आता जवळ आलेला असतो. ब्रेकचा होज पाईप सैल पडून टायरला घासत नाही ना, हॅंडब्रेकची तार ढिली झाली नाही ना, तेही बघावे. मागची बाजू खाली गेली की पुढचे दिवे वर पाहू लागतात आणि समोरच्याचे डोळे दिपवतात. ते खाली करावेत. जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नये, स्टँड लावल्याशिवाय तर नाहीच.

पाटा तापवून बसवणे किंवा एखादा पाटा काढून टाकणे हे स्वस्त उपाय काहीजण सांगतात. तापवल्याने पोलादाचा कस जातो, आणि पाटा काढला की वजन पेलण्याची ताकद कमी होते. ठोकळा त्यापेक्षा बरा, कारण तो काढून गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते.

हे मूळ रूप कायद्यालाही हवे असते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, पण ती भाड्याने फिरवता येत नाही. तेव्हा मालकाला आधी आरटीओत विचारून यायला सांगावे, जुने बोल्ट कापडात बांधून त्याच्या हवाली करावेत आणि बिलावर ठोकळ्याची जाडी लिहावी. उद्या काही झाले तर बोट आधी गॅरेजमधल्या पोराकडेच वळते.