किडा ओळखा, मगच पंप उचला
(भिंगाच्या फोटोची करामत)



दर अंकात आपण बेणे, खत, पाणी यांवर बोलतो. या वेळी विषय थोडा निराळा आहे. रानातल्या बारीक किड्यांचे मोठे फोटो कसे काढायचे आणि त्याचा आपल्याला काय उपयोग, हे सांगायचे आहे. 'फोटो काढणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग' असे कुणी म्हणेल. मीही पूर्वी तसेच म्हणत होतो. पण एका फोटोने माझी चूक माझ्या पदरात घातली. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे पटेल.

२००२ साली आपल्या दक्षिण महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला. मी तेव्हा डिप्लोमा करून नुकताच नोकरीला लागलो होतो. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर, खालच्या पानावर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी. असला प्रकार कुणी पाहिला नव्हता. सगळेच घाबरलेले. एक दिवस नृसिंहवाडीचे एक वयस्कर सभासद ओल्या फडक्यात उसाचे पान गुंडाळून घेऊन आले. म्हणाले, "साहेब, मावा कळला. पर ह्यात ही हिरवट-करडी अळी कसली म्हणायची?" मी पान वर-खाली केले आणि सांगून टाकले, "दुसरी कीड पडलीय. दोन्हीवर औषध मारा." त्यांनी मारले. तीन आठवड्यांत मावा पुन्हा पांढराफटक उठला. अळी मात्र पुन्हा दिसली नाही.

पुढे एका प्रशिक्षणात पडद्यावर त्याच अळीचा भला मोठा फोटो दाखवला. अळी जाळीत बसून माव्याचा फडशा पाडत होती! तिचे नाव डिफा. लोकरी माव्याचा तो खंदा शत्रू. म्हणजे मी राखणदारालाच चोर समजून मारायला लावले होते. माझी मान खाली गेली. वाडीला जाऊन त्या काकांना खरे काय ते सांगितले. ते म्हणाले, "तवा तुमास्नीबी ठावं नव्हतं, आमास्नीबी नव्हतं. आता कळलंय न्हवं? मग चार जणांस्नी सांगा." ते सांगणे आज या लेखातून पुरे करतो आहे.

डोळ्याला का दिसत नाही?

लोकरी मावा जेमतेम दोन मिलिमीटर. खोडकिडीची, कांडी किडीची अंडी खाऊन टाकणारी ट्रायकोग्रामा तर अर्ध्या मिलिमीटरची. साध्या डोळ्याला हे सगळे ठिपकेच. भिंगातून फोटो काढला की त्याच ठिपक्याला पाय, पंख, तोंड दिसू लागते. कॅमेऱ्यात किड्याची प्रतिमा निदान त्याच्या खऱ्या आकाराएवढी पडते, तेव्हा जाणकार त्याला 'मॅक्रो' फोटो म्हणतात. पाच मिलिमीटरची मुंगी फिल्मवर पाच मिलिमीटरचीच उमटली पाहिजे, असा हिशेब. पुढे कागदावर किंवा पडद्यावर ती वीतभर करता येते. १६६५ साली इंग्लंडात रॉबर्ट हूक यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून पिसवेचे मोठे चित्र छापले, तेव्हा लोक थक्क झाले होते. आज ते काम आपल्या खिशातला मोबाईल करतो. त्याला चिमट्याने लावायचे भिंग दोन-चारशे रुपयांत मिळते.

फोटो कसा काढावा?

१) वेळ सकाळची धरा. किड्यांचे अंग बाहेरच्या हवेप्रमाणे थंड-गरम होते. पहाटेच्या गारठ्यात ते सुस्त असतात. ऊन चढले की पळापळ सुरू.

२) चिमट्याच्या भिंगाला अंतर दोन-चार सेंटिमीटरचेच लागते. म्हणून सावकाश जवळ जा. आपली सावली किड्यावर पडू देऊ नका. सावली पडली की तो उडालाच म्हणून समजा.

३) इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा पट्टा फार पातळ, एक-दोन मिलिमीटरचा असतो. डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर होतात. म्हणून किडा आडवा, त्याची सगळी बाजू भिंगासमोर येईल असा धरा. नेम डोळ्यावर ठेवा.

४) कोपर गुडघ्यावर टेका. डाव्या हाताने पान देठाजवळ धरा, श्वास रोखा, वारा थांबला की बटण दाबा. एकावर समाधान मानू नका, दहा-पंधरा काढा. त्यांतले दोन चांगले निघतात.

५) ऊन कडक असेल तर छत्रीची सावली करा आणि दुसऱ्या बाजूने पांढरा कागद धरा. काळोखी बाजू उजळते.

६) किडा बसून असेल तर शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून एक फोटो घ्या. आकार कळल्याशिवाय ओळख पक्की होत नाही.

फोटोत काय बघायचे?

पहिल्यांदा पाय मोजा. सहा असतील तर कीटक, आठ असतील तर बहुधा कोळी. कोळी हा आपला मित्र, त्याला मारू नका. मग पंख मोजा. मधमाशीला चार, साध्या माशीला दोन. फुलावर मधमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे घेऊन तरंगणारी एक माशी असते, तिचे पंख दोनच. ती सिरफिड माशी. तिची अळी मावा खाते.

काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी दिसणारी अळी भेटली तर ती ढालकिड्याची. रूप भयंकर, पण काम पुण्याचे. पानावर केसाएवढ्या देठाच्या टोकाला मोत्यासारखे अंडे दिसले तर ते क्रायसोपाचे. कैक जण त्याला बुरशी समजून पुसून टाकतात. ट्रायकोकार्ड लावले असेल तर चार दिवसांनी कार्डाचाही फोटो काढून बघा. काळी पडलेली अंडी म्हणजे आत ट्रायकोग्रामा वाढतो आहे. काळ्या अंड्याला बारीक गोल भोक दिसले, म्हणजे तो बाहेर पडून कामाला लागला. भोकेच नसतील तर औषध मारण्याची घाई मुळीच करू नका, नाहीतर कार्डाचे पैसे पाण्यात.

मधमाशी आणि आपली वांगी

उसाला मधमाशीची गरज नाही, आपण कांडीच लावतो. पण कृष्णाकाठच्या मळीच्या रानात वांगी, काकडी, दोडका आहेत. वांग्याचे फूल हातात घेऊन मधल्या पिवळ्या परागकोशांच्या टोकाचा फोटो काढा. टोकाला दोन-दोन बारीक भोके दिसतील. पराग त्या भोकांतूनच बाहेर येतो, आणि तोही हलवल्याशिवाय नाही. चाळणी हलवल्याशिवाय पीठ पडत नाही, तसेच. हे हलवणे आपल्या मधमाशीला, म्हणजे सातेरीला किंवा आग्याला, जमत नाही. ते काम काळा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी करते. फुलाला मिठी मारून, पंख न हलवता, नुसते अंगातले स्नायू थरथरवून ती पराग झाडते. तेव्हा येणारा 'गूंऽऽ' आवाज कान देऊन ऐका. वांगे आपल्या आपणही धरते, पण ही थरथर मिळाली तर फळधारणा चांगली होते.

भुंगा वाळक्या लाकडात, बांबूत घर करतो. निळ्या पट्ट्यांची माशी मातीच्या भिंतीत, उघड्या मातीत बिळे करते. बांधावरचा सगळा वाळका बांबू एकदम जाळू नका. आणि औषध मारायचेच झाले तर फुलांवर माश्या असताना, म्हणजे सकाळच्या वेळी, मारू नका. सूर्य मावळतीला गेल्यावर मारा.

एक इशारा. आग्या माशीच्या पोळ्याजवळ फोटोसाठी जाऊ नये. लांबूनसुद्धा फ्लॅश मारू नये. हौसेपायी जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही.

आमच्याकडे काय पाठवाल?

ओळखीचा नसलेला किडा दिसला तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी चार फोटो काढा : पूर्ण सरीचा, पूर्ण पानाचा, किड्याचा वरून आणि बाजूने. त्यासोबत गट नंबर, उसाची जात, लागण की खोडवा आणि तारीख कळवा. शेतकी ऑफिसात दाखवा किंवा आपल्या गटाच्या चिटबॉयच्या मोबाईलवर पाठवा. आम्हाला ओळखता आला नाही तर पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राकडे किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे विचारू. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने पिकांवरील शत्रू-मित्र कीटकांचे असे पुष्कळ फोटो जमवून सर्वांसाठी खुले केले आहेत. ताडून बघायला ते उपयोगी पडतात.

घरातल्या शाळकरी पोरांना हे काम सांगा. त्यांचे डोळे तीक्ष्ण, हात स्थिर आणि मोबाईल तसाही त्यांच्याच हातात असतो. एक फवारणी वाचली तरी औषधाचा, मजुरीचा खर्च वाचतो आणि राखणदार रानात राहतो.

वाडीचे ते काका आज हयात नाहीत. त्यांच्या फडात मात्र त्यांचा नातू आता पान उलटून आधी फोटो काढतो, मग मला विचारतो. पंपाला हात नंतर. आपणही तसेच करावे, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग