धातुशिल्पकाराचा स्टुडिओ व कलादालन : व्यवस्था आणि स्थलांतर
(डेव्हिड स्मिथ यांच्या ‘टर्मिनल आयर्न वर्क्स’च्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

चित्रकाराने जागा बदलली, तर त्याचे रंग, कुंचले आणि गुंडाळलेले कॅनव्हास एका वाहनात मावू शकतात. धातुशिल्पकाराची स्थिती वेगळी असते. सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचा एक चौरस मीटरचा तुकडाच सुमारे ४७ किलोग्रॅम भरतो. त्याचे एखादे मध्यम आकाराचे शिल्प उचलण्यासही चेनपुली व चार माणसे लागतात. शिवाय त्याची जागा एकाच वेळी लोहारशाळा, मालाचे कोठार आणि कलादालन अशी तिन्ही कामे करीत असते. म्हणून त्याच्या बाबतीत ‘स्टुडिओ कोठे असावा’ हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. कोणत्या प्रकारची कला निर्माण होऊ शकेल, हेच त्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथ (१९०६–१९६५) यांच्या उदाहरणाच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. स्टुडिओचे स्थलांतर म्हणजे सामानाची ने-आण नव्हे. माल, ऊर्जा, श्रम, प्रदर्शन आणि निर्णय यांच्या परस्परसंबंधांची ती पुनर्मांडणी होय, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यांपैकी निर्णयाचा संबंध सर्वांत नाजूक असतो आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

१. धातुशिल्पाच्या जागेच्या गरजा

धातूचे शिल्प मुख्यतः दोन मार्गांनी सिद्ध होते. पहिला मार्ग ओतकामाचा. यात शिल्पकार माती, मेण किंवा प्लास्टर यांत मूळ प्रतिकृती घडवितो आणि ओतकाम बहुधा वेगळ्या ओतशाळेत होते. दुसरा मार्ग जोडकामाचा. यात लोखंड किंवा पोलाद कापून, वाकवून आणि वेल्डिंगने जोडून शिल्प थेट उभे केले जाते. या दुसऱ्या मार्गात शिल्पकाराचा स्टुडिओच कारखाना बनतो.

ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांच्या ज्योतीचे तापमान ३००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर पोलाद १५०० अंशांच्या आसपास वितळते. ही ज्योत लाकडी जमिनीच्या राहत्या घरात वापरणे धोक्याचे असते. ॲसिटिलीन हा वायू सिलिंडरमध्ये ॲसिटोनमध्ये विरघळलेल्या अवस्थेत साठविलेला असल्याने ते सिलिंडर उभेच ठेवावे आणि उभेच न्यावे लागतात. वायुवीजन, पक्की फरशी, पुरेसा वीजपुरवठा, भार उचलण्याची सोय आणि मालवाहू वाहन दारापर्यंत येईल असा रस्ता या प्राथमिक गरजा होत. यांपैकी एक जरी नसली, तरी शिल्पकाराला लहान आकारावर किंवा दुसऱ्या माध्यमावर समाधान मानावे लागते.

२. ब्रुकलिनचा धक्का : जागेची पहिली निवड

स्मिथ यांचा जन्म इंडियाना राज्यातील डेकेटर येथे झाला. १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी साउथ बेंड येथील स्टुडबेकर मोटार कारखान्यात काम केले. धातुकामाचा पहिला अनुभव त्यांना कलाशाळेत नव्हे, तर तेथे मिळाला. १९२६ मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये चित्रकला शिकू लागले. पाब्लो पिकासो व हुलिओ गोन्झालेझ यांच्या जोडकामाच्या शिल्पांची छायाचित्रे कलाविषयक नियतकालिकात पाहिल्यावर, कारखान्यात शिकलेले तंत्र कलेचे साधन होऊ शकते, याची त्यांना जाणीव झाली. १९३३ मध्ये त्यांनी वेल्डिंगने शिल्पे करण्यास प्रारंभ केला.

या कामासाठी त्यांना १९३४ मध्ये ब्रुकलिनच्या बंदरालगत ‘टर्मिनल आयर्न वर्क्स’ या लोखंडकामाच्या कारखान्यात जागा मिळाली. येथे त्यांना केवळ भाड्याची खोली मिळाली नाही. आजूबाजूला जहाजदुरुस्ती करणारे कारागीर होते, भंगार होते, अवजारे होती आणि अडलेल्या ठिकाणी सल्ला देणारे अनुभवी हात होते. १९४० पर्यंत हीच त्यांची कर्मभूमी राहिली. त्यांच्या शिल्पांचे पहिले एकल प्रदर्शन १९३८ मध्ये मारियन विलार्ड यांच्या न्यूयॉर्कमधील ईस्ट रिव्हर गॅलरीत झाले. म्हणजे निर्मिती धक्क्यावर आणि प्रदर्शन शहरातील दालनात, अशी विभागणी या काळात होती.

३. बोल्टन लँडिंग : नाव नेले, संबंध नव्याने जोडले

स्मिथ आणि त्यांच्या पत्नी, शिल्पकार डोरोथी डेनर यांनी १९२९ मध्येच न्यूयॉर्कच्या उत्तरेस तीनशेहून अधिक किलोमीटरवर, लेक जॉर्ज सरोवराकाठच्या बोल्टन लँडिंग येथे एक जुनी शेतवाडी विकत घेतली होती. १९४० मध्ये ते तेथे कायमचे राहावयास गेले. तेथे उभारलेल्या नव्या स्टुडिओला स्मिथ यांनी ‘टर्मिनल आयर्न वर्क्स’ हेच नाव दिले. ‘स्टुडिओ’ या शब्दापेक्षा हे नाव आपल्या कार्यपद्धतीला अधिक जवळचे आहे, अशी त्यांची भूमिका होती.

नाव सोबत नेता आले, तरी परिसर नेता येत नव्हता. धक्क्यावरचे कारागीर, भंगाराचे ढीग आणि शेजारचे दुकानदार मागे राहिले. या स्थलांतराचे परिणाम तीन दिशांनी स्पष्ट दिसतात.

पहिला परिणाम उपजीविकेवर झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४४ या वर्षांत, स्मिथ स्केनेक्टडी येथील अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीत वेल्डर म्हणून काम करीत होते. शिल्पनिर्मितीचा वेग या काळात मंदावला. परंतु जड पोलादाच्या जोडकामावरील त्यांचे प्रभुत्व वाढले. पुढे १९४८ ते १९५० या काळात त्यांनी सारा लॉरेन्स महाविद्यालयात अध्यापन केले. मोठ्या धातुकामाचा खर्च केवळ विक्रीतून निघत नाही, नोकरी किंवा अध्यापन यांचा आधार लागतो, ही बाब कलाशिक्षकांस अपरिचित नाही.

दुसरा परिणाम मालावर झाला. १९५० मध्ये मिळालेल्या आणि पुढील वर्षी वाढविण्यात आलेल्या गुगेनहाइम पाठ्यवृत्तीमुळे त्यांना अधिक धातू खरेदी करून मोठ्या आकारात काम करता आले. ‘हडसन रिव्हर लँडस्केप’ आणि ‘ऑस्ट्रेलिया’ ही त्यांची सुप्रसिद्ध शिल्पे १९५१ मधील होत. याच सुमारास सुरू झालेल्या ‘ॲग्रिकोला’ मालिकेत त्यांनी शेतीच्या टाकून दिलेल्या अवजारांचे भाग वापरले. ‘टँकटोटेम’ मालिकेत बॉयलरच्या टाक्यांची औद्योगिक झाकणे आली. पहिला माल ग्रामीण परिसराने दिला, दुसरा औद्योगिक उत्पादकांकडून आला. जागा बदलल्याने मालाचा स्रोत बदलला आणि स्रोत बदलल्याने शिल्पाची भाषा बदलली.

४. कुरणातील कलादालन

तिसरा परिणाम सर्वांत दूरगामी ठरला, तो प्रदर्शनाचा. शहरातील दालनाची उंची, जिन्याची रुंदी आणि जमिनीची भारक्षमता शिल्पावर मर्यादा घालतात. बोल्टन लँडिंगच्या मोकळ्या कुरणात ही बंधने नव्हती. स्मिथ यांनी हळूहळू आपली शिल्पे घराभोवतीच्या दोन कुरणांत रांगांनी उभी केली. सरोवर आणि डोंगर यांच्या पार्श्वभूमीवर ते त्यांची छायाचित्रेही स्वतःच घेत. नवे शिल्प जुन्या शिल्पाशेजारी उभे राही आणि कलावंताला आपल्या संपूर्ण वाटचालीचे एका दृष्टिक्षेपात परीक्षण करता येई. हे कुरण केवळ कोठार नव्हते. ते परीक्षणाचे साधन होते.

मोकळ्या हवेतील या दालनाने नवे तांत्रिक प्रश्नही निर्माण केले. साधे पोलाद पाऊस व बर्फात गंजते. म्हणून त्यावर गंजरोधक थर आणि रंग आवश्यक ठरतात. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो धातूचे रक्षण करतो. १९६१ ते १९६५ या काळातील ‘क्युबी’ मालिकेची २८ शिल्पे स्मिथ यांनी स्टेनलेस स्टीलमध्ये केली आणि त्यांचे पृष्ठभाग ग्राइंडरने असे घासले की, आकाशाचा व परिसराचा रंग त्यांवर उमटावा. बंदिस्त दालनासाठी काम करणाऱ्या शिल्पकाराला हा विचार इतक्या सहजपणे सुचला असता, असे वाटत नाही.

५. व्होल्त्री : तीस दिवसांचा स्टुडिओ

सर्व संबंध एकत्र आले म्हणजे काय घडते, याचे प्रत्यंतर १९६२ मध्ये आले. इटलीतील स्पोलेटो येथील कलामहोत्सवासाठी स्मिथ यांना एक-दोन शिल्पे करण्याचे निमंत्रण होते. त्यांना जिनोआजवळील व्होल्त्री येथे इतालसिदेर कंपनीचे बंद पडलेले कारखाने आणि सहायक कामगार उपलब्ध करून देण्यात आले. तेथे पडलेले पत्रे, चाके, सांडश्या व अवजारे वापरून त्यांनी ३० दिवसांत २७ शिल्पे पूर्ण केली. ती स्पोलेटोच्या प्राचीन रोमन रंगमंडलात व शहरात मांडण्यात आली.

हा वेग केवळ प्रतिभेचा परिणाम मानणे अपुरे होईल. माल, जागा, श्रम आणि प्रदर्शनाची निश्चिती या चारही गोष्टी प्रथमच एकत्र उपलब्ध होत्या. विशेष म्हणजे परतताना स्मिथ यांनी तेथील अवजारे व धातूचे तुकडे जहाजाने बोल्टन लँडिंगला मागविले आणि त्यांतून ‘व्होल्त्री-बोल्टन’ ही मालिका सिद्ध केली. स्थलांतर कसे करावे, याचा हा वस्तुपाठ आहे. कारखाना नेता येत नाही. परंतु त्याचा जो अंश पुढील निर्मितीस उपयुक्त ठरेल, तो ओळखून निवडता येतो.

६. शिल्पकाराच्या पश्चात

२३ मे १९६५ रोजी मोटार अपघातात स्मिथ यांचे आकस्मिक निधन झाले. कुरणांत ऐंशीहून अधिक शिल्पे उभी होती. त्यांपैकी काही पूर्ण, तर काही रंगाच्या अंतिम लेपाच्या प्रतीक्षेत असावीत, अशी स्थिती होती. अवघ्या दोन वर्षांनी, १९६७ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील स्टॉर्म किंग आर्ट सेंटर या संस्थेने त्यांतील १३ शिल्पे विकत घेतली. बोल्टन लँडिंगचे कुरण पाहूनच या संस्थेची दिशा निश्चित झाली आणि ती पुढे उद्यानातील शिल्पसंग्रहासाठी विख्यात झाली. शिल्पांबरोबर मांडणीची कल्पनाही स्थलांतरित झाली, हे या घटनेचे सुफळ होय.

दुसरी बाजू मात्र चिंतनीय आहे. मृत्युपत्रानुसार नेमलेल्या विश्वस्तांत समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्ग आणि चित्रकार रॉबर्ट मदरवेल यांचा समावेश होता. विश्वस्तांच्या कारकिर्दीत काही शिल्पांवरील पांढरा रंगथर काढण्यात आला व धातू उघडा पडला. कलाभ्यासक रोझलिंड क्राउस यांनी १९७४ मध्ये ‘आर्ट इन अमेरिका’ या नियतकालिकात छायाचित्रांच्या आधारे हा बदल उघडकीस आणला. पांढरा थर हा केवळ अस्तर होता की तोच कलावंताचा हेतू होता, हा वाद त्यातून उद्‌भवला. पुढे २०१७ मध्ये स्टॉर्म किंग येथे स्मिथ यांच्या पांढऱ्या शिल्पांचेच स्वतंत्र प्रदर्शन भरले. यावरून या प्रश्नाचे महत्त्व लक्षात यावे. जो निर्णय शिल्पकाराच्या मनात होता, तो कागदावर नव्हता. त्यामुळे इतरांना अनुमान करावे लागले आणि काढलेला मूळ थर जसाच्या तसा परत आणता येत नाही.

७. तीन मार्ग

शिल्पकाराच्या पश्चात स्टुडिओचे तीन प्रकारे भवितव्य ठरू शकते. पहिला मार्ग विखुरण्याचा. स्मिथ यांची शिल्पे अनेक संग्रहांत गेली.

दुसरा मार्ग स्टुडिओ संपूर्ण हलविण्याचा. रुमानियन शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशी (१८७६–१९५७) पॅरिसमधील आपल्या स्टुडिओतील शिल्पांच्या परस्परमांडणीला इतके महत्त्व देत की, एखादे शिल्प विकले गेल्यास त्या जागी ते त्याची प्लास्टरची प्रत ठेवीत. १९५६ मध्ये त्यांनी स्टुडिओतील सर्व काही फ्रेंच शासनाच्या स्वाधीन केले. मात्र तो होता तसा पुन्हा उभारावा, अशी अट घातली. १९६२ मध्ये त्याची अंशतः पुनर्रचना झाली. १९७७ मध्ये तो पॉम्पिदू केंद्रासमोर उभारला गेला. १९९० मध्ये पुराच्या पाण्यामुळे तो बंद करावा लागला आणि १९९७ मध्ये वास्तुविशारद रेन्झो पियानो यांच्या आराखड्यानुसार तो पुन्हा खुला झाला. लेखी अट असूनही चाळीस वर्षे लागली, हे लक्षणीय आहे.

तिसरा मार्ग जागेवरच जतन करण्याचा. पुण्यातील श्रीशिवछत्रपतींच्या अश्वारूढ ब्राँझ पुतळ्याचे (१९२८) शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांचे अलिबागनजीकच्या सासवणे येथील घर त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय झाले. येथे परिसर टिकला. मात्र प्रेक्षकाला तेथपर्यंत जावे लागते आणि वास्तूच्या देखभालीचा भार कायम राहतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, धातुशिल्पकाराने नवी जागा निवडताना भाड्याच्या दराइतकाच मालाचा स्रोत, वीज, रस्ता आणि कुशल शेजार यांचा विचार करणे अगत्याचे आहे. दोन, प्रदर्शनाची जागा निर्मितीच्या जागेलगत असल्यास ती कलावंताच्या आत्मपरीक्षणाचे साधन बनते. तीन, स्थलांतरापूर्वी प्रत्येक शिल्पाची नोंद तयार असावी. तीत वजन, उचलण्याचे बिंदू, पृष्ठभागावरील थरांचा क्रम, दिनांकासह छायाचित्रे आणि शिल्प पूर्ण आहे की अपूर्ण, याचा शिल्पकाराने स्वहस्ते केलेला उल्लेख असावा.

आपल्या कला महाविद्यालयांतही शिल्पकार-प्राध्यापक निवृत्त होतात, विभागांच्या इमारती बदलतात आणि वर्षानुवर्षांची धातुशिल्पे एखाद्या व्हरांड्यात क्रमांकाविना पडून राहू शकतात. त्यांची नोंद करण्यास मोठा निधी लागत नाही. एक वही, एक वजनकाटा, एक कॅमेरा आणि शिल्पकाराची एक दुपार एवढ्यावर प्रारंभ करता येईल. शिल्पकार हयात असतानाच ते व्हावे, एवढाच बोल्टन लँडिंगचा धडा आहे.