मोरचूद पानावर फवारता, पण मातीतल्या जिवाणूंचं काय होतं? समजून घ्या

पुणे : मंचरजवळच्या अवसरी बुद्रुकहून नाशिक महामार्गाने उत्तरेला गेलं की नारायणगाव-जुन्नरचा द्राक्षपट्टा लागतो. ऑक्टोबर छाटणीनंतर इथं केवडा रोखण्यासाठी बोर्डो मिश्रण फवारलं जातं. त्याच बागेत ठिबकमधून जिवाणू खतंही सोडली जातात. ही दोन्ही कामं एकमेकांच्या विरोधात तर जात नाहीत ना?

जिवाणू करतात काय?
एक ग्रॅम मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. ते काडीकचरा कुजवतात, अमोनियाचं नायट्रेट करतात आणि स्फुरद विरघळवून मुळांना देतात.

तांब्याची अडचण काय?
बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदात साधारण २५ टक्के तांबं असतं. १ टक्क्याचं मिश्रण एकरी ४०० लिटर फवारलं, तर ४ किलो मोरचूद, म्हणजे १ किलो तांबं बागेत येतं. इतर औषधं हळूहळू विघटित होतात. तांबं मूलद्रव्य असल्याने होत नाही. ते वरच्या थरात साठतं आणि जास्त झालं की नायट्रेट करणाऱ्यांसह अनेक जिवाणूंचं काम मंदावतं.

युरोपियन युनियनने म्हणूनच ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. वर्षाची सरासरी एकरी सुमारे १.६ किलो. वरच्या हिशेबाने दोन फवारण्यांतच ती ओलांडली जाते.

आपल्या जमिनीत धोका तेवढाच?
चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत बरंचसं तांबं बांधलं जातं. त्यामुळे आम्लधर्मी जमिनीपेक्षा त्रास कमी. पण साठा वाढतच राहतो.

शेतकऱ्यांनी काय करावं?
- माती परीक्षणात सेंद्रिय कर्बासोबत तांबंही तपासून घ्या. अहवालात सहसा कमतरता पाहिली जाते; जुन्या बागेत जास्तीही पाहा.
- एप्रिलच्या खरड छाटणीची निरोगी काडी जाळू नका. बारीक करून बोदावर पसरा, तेच जिवाणूंचं खाद्य आहे. करप्याची काडी मात्र बागेबाहेर काढा.
- दोन ओळींमध्ये ताग किंवा धैंचा घ्या. ठिबकमुळे ओलावा बोदापुरताच राहतो. मधली जमीन उघडी आणि कोरडी पडते.
- बॅसिलस, स्यूडोमोनास यांसारखी जिवाणू उत्पादनं बोर्डोबरोबर एका टाकीत मिसळू नका.

केवडा रोखण्यासाठी बोर्डो उपयोगी आहे, हे खरं. पण दरवर्षी किती किलो तांबं पडलं, याची नोंद फवारणीच्या वहीत ठेवली तर फवारणी कुठे कमी करता येईल, ते कळेल. तांबं मातीतून परत काढता येत नाही. हिशेब आधीच ठेवावा लागतो.