जार पडायची वाट कशाला?

सांगोला तालुक्यातल्या एका वाचकांनी विचारलं आहे : ‘गाय व्याली की जार पडेपर्यंत वासराला सडाला लावायचं नाही, असं घरातली म्हातारी माणसं सांगतात. गुरांचे डॉक्टर म्हणतात, आधी पाजा. ऐकायचं कोणाचं?’

डॉक्टरांचं. जार पडायला सहा-आठ तास लागतात, कधी बाराही, आणि वासराला नेमक्या त्याच तासांची घाई असते.

माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातली प्रतिपिंडं पोटात असतानाच वारेतून मिळतात. गाय, म्हैस, शेळी यांची वार वेगळ्या घडणीची. आईचं रक्त आणि गर्भाचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे इतके थर असतात, की प्रतिपिंडांएवढे मोठे रेणू पलीकडे जातच नाहीत. त्यामुळे वासरू गोठ्यातल्या शेणामुतात पडतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसतात. स्वतःची पुरेशी तयार करायला त्याला काही आठवडे लागतात. तोवरची शिदोरी चिकात असते. व्यायच्या आधीचे काही आठवडे गाय आपल्याच रक्तातली प्रतिपिंडं काढून कासेत साठवत असते. साध्या दुधात प्रथिनं तीन-साडेतीन टक्के, तर पहिल्या धारेच्या चिकात चौदा टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा प्रतिपिंडांचा.

पण पोटात गेलेलं प्रथिन पचतं, मग ते रक्तात अख्खं कसं पोचतं? इथं वासराचं आतडं जुन्या गावाच्या वेशीसारखं वागतं. दिवसा दरवाजा सताड उघडा. तिन्हीसांजा झाल्या की अडसर. जन्मानंतर काही तास लहान आतड्याच्या पेशी समोर येईल तो मोठा रेणू न तोडता गिळतात आणि पलीकडे सोडून देतात. पहिल्या दोन-चार तासांत हे काम जोरात चालतं, सहा तासांनंतर मंदावतं आणि चोवीस तासांत दरवाजा जवळजवळ बंद होतो. नंतर पाजलेला चीक वाया जात नाही, आतड्याच्या आत त्याचा थोडा उपयोग होतो. पण रक्तात मात्र तो पोचत नाही.

या वेशीवर पहारेकरी नाही, ही खरी गोम. जे आधी येईल ते आत. भुकेलं वासरू भिंत चाटतं, दावं चोखतं, गाईच्या शेणाने माखलेल्या मांड्या चाटतं. चिकाच्या आधी जंतू पोचले तर तेही याच वाटेने शिरू शकतात. म्हणून कास आणि सड कोमट पाण्याने धुवायचे, पुसायचे आणि मग वासराचं तोंड लावायचं. नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं तेही याच भीतीने. ती दुसरी वेस. आणि गंमत म्हणजे वासरू चोखू लागलं की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं, गर्भाशय आकसतं आणि जार पडायला मदतच होते.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे वळतो. आईचं दूध रोगाविरुद्धचं बळ देतं, हे जर्मनीत पॉल एर्लिखने १८९२ मध्ये उंदरांची पिल्लं दुसऱ्या आईला पाजायला देऊन दाखवलं होतं. वासरांच्या बाबतीत हे पक्कं केलं ते थिओबाल्ड स्मिथने. १९२२ मध्ये, अमेरिकेतल्या प्रिन्स्टनला, रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये त्याने आणि राल्फ लिटलने काही वासरांना चीक दिला आणि काहींना त्यापासून तोडून साध्या दुधावर ठेवलं. दुसऱ्या गटातली बहुतेक वासरं थोड्याच दिवसांत मेली. आतड्यात एरवी निमूट राहणारा कोलाय जंतू त्यांच्या अवयवांत पसरलेला सापडला. त्याच वर्षी लिटल आणि मॅरियन ऑरकट यांनी दाखवलं, की गाईच्या रक्तातली सांसर्गिक गर्भपाताच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं वासराच्या रक्तात जन्मताना नसतात, चीक प्याल्यावर काही तासांत दिसू लागतात.

हा स्मिथ आपल्याकडे कुणाला माहीत नाही. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला १८९७ मध्ये. तो धडा आपण शाळेत शिकतो. त्याच्या चार वर्षं आधी, १८९३ मध्ये, स्मिथ आणि किलबोर्न यांनी गुरांचा ‘टेक्सास ताप’ गोचिडांमार्फत पसरतो हे सिद्ध करून टाकलं होतं. संकरित गाईला रक्तलघवी होते तेव्हा गोचिडावर संशय घ्यायला शिकवलं ते या दोघांनी. साल्मोनेला ज्याच्यावरून ओळखला गेला तो जंतूही स्मिथच्याच हाताखालून गेलेला; नाव मात्र लागलं त्याच्या खात्याच्या साहेबाचं, डॅनियल साल्मनचं. सरकारी खाती सगळीकडे सारखीच, दुसरं काय!

चीक म्हटला की खरवस आलाच. गूळ, वेलची, जायफळ घालून वाफवलेला चीक विरजणाशिवाय वडीसारखा थिजतो तो या जादा प्रथिनांमुळे; साठ अंशांच्या फार वर तापमान गेलं की ती गोठू लागतात. म्हणजे जितका खरवस घट्ट, तितकी त्यात वासराच्या वाट्याची प्रतिपिंडं जास्त. मात्र ती आता शिजलेली. त्यामुळे खरवसाने किंवा चिकाच्या महागड्या भुकटीने मोठ्या माणसाची प्रतिकारशक्ती वाढते, या जाहिरातींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आपली वेस कधीच बंद झाली आहे. गाईची प्रतिपिंडं आपल्या पोटात जातात ती मुख्यतः पचण्यासाठी. खरवस चवीसाठी खावा, औषध म्हणून नव्हे.

गोठ्यातला हिशेब असा : वासराच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा चीक पहिल्या काही तासांत पोटात जायला हवा. पंचवीस किलोच्या खोंडाला अडीच लिटर. निम्मा तासा-दोन तासांत, उरलेला सहा तासांच्या आत. ‘आपोआप पिईल’ म्हणून सोडून देऊ नये. वासरू उपजत बुद्धीने वर, मांडीच्या खोबणीत सड शोधतं; संकरित गाईची कास गुडघ्यापर्यंत लोंबत असेल तर ते तिथंच ढुशा देत राहतं. अशा वेळी पिळून बाटलीने पाजलेलं बरं.

संकरित गाईचा चीक भरपूर, पण बरेचदा पातळ असतो. किती पातळ, हे मोजायचं यंत्र तासगाव-नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांच्या खिशात असतं : साखर बघायचा रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर चिकाचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. बावीस ब्रिक्स किंवा वर आला तर चीक चांगला. तो वासराला पाजून उरला तर गोठवून ठेवावा. वर्षभर टिकतो आणि पुढच्या वेताला एखादी गाय आजारी पडली किंवा मेली तर कामी येतो. वितळवताना पाणी पन्नास अंशांच्या आत ठेवावं, नाहीतर बाटलीतच खरवस होतो. आकडा अठराच्या खाली असेल तर जास्त पाजावा, किंवा दुसऱ्या गाईचा मिळतो का पाहावं. खरवसासाठी दुसऱ्या-तिसऱ्या धारेचा चीक घ्यावा. तो थोडा सैल लागतो, मग दूध कमी घालायचं.