परकी अपप्रचार आणि विश्वासाची गंगाजळी

युद्ध सीमेवर लढले जाते, हे आता अर्धेच सत्य उरले आहे. मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस सशस्त्र संघर्ष झाला, तेव्हा दुसरी आघाडी घराघरांतील मोबाईलवर उघडली होती. गुजरातमधील हजिरा बंदरावर हल्ला झाल्याचे सांगणारी एक चित्रफीत त्या दिवसांत फिरत होती. ती वस्तुतः २०२१ मधील तेलाच्या एका टँकरच्या स्फोटाची आहे, असा खुलासा पत्र सूचना कार्यालयाला करावा लागला. एटीएम यंत्रे दोन-तीन दिवस बंद राहणार, हा संदेशही असाच निराधार ठरला.

कांजूरमार्गसारख्या उपनगरात अशा वार्ता कोणी करमणूक म्हणून वाचत नाही. तेथे नौदलाच्या नागरी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. बंदरावरील हल्ल्याची बातमी ऐकून अशा घरांत पोटात गोळा उठणे स्वाभाविकच होय. महिन्याच्या पगारावर संसार चालविणाऱ्या कारकुनाला एटीएम बंद पडण्याची धास्ती तोफेच्या आवाजापेक्षाही जवळची वाटते. अपप्रचाराचा नेम नेमका येथे असतो. एखादी गोष्ट पटवून देण्यात त्याला फारसे स्वारस्य नसते. कशावरच विश्वास ठेवू नये, अशी माणसाची मनःस्थिती झाली की त्याचे काम झाले.

हे तंत्र जुनेच आहे. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रिअट’ या सोव्हिएत संघाविषयी सहानुभूती बाळगणाऱ्या दैनिकात एक निनावी पत्र छापून आले. लिहिणारा स्वतःस अमेरिकी शास्त्रज्ञ म्हणवीत होता आणि एड्सचा रोग अमेरिकी लष्करी प्रयोगशाळेत निर्माण झाला, असा त्याचा दावा होता. ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या ‘लितेरातुरनाया गाझेता’ने याच पत्राचा हवाला देऊन ती कथा पुन्हा उचलली, आणि पाहता पाहता ती देशोदेशी पसरली. त्यामागे सोव्हिएत गुप्तहेरांचा हात होता, हे रशियन परराष्ट्र गुप्तवार्ता खात्याचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी १९९२ मध्ये मान्य केले. लोकशाही देशातील वृत्तपत्राचा उपयोग येथे खोट्या हुंडीवर साक्षीची सही घेण्यासाठी झाला.

यावर उपाय कोणता? सत्यासत्याचा निवाडा सरकारनेच करावा, असे एक मत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत तशी दुरुस्ती केली. केंद्राच्या कारभाराविषयीचा कोणता ऑनलाइन मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारनेच नेमलेला कक्ष ठरविणार होता. या दुरुस्तीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. सरकारने खुलासा करणे वेगळे आणि स्वतःच्याच प्रकरणात न्यायाधीश होणे वेगळे, हा भेद त्यामुळे अबाधित राहिला.

अशा निकालांनी शत्रूचे फावते, असे काहींना वाटेल. त्यांची चिंता अनाठायी म्हणता येत नाही. खुलासा निघेपर्यंत अफवा गाव फिरून आलेली असते. परंतु बँकेच्या व्यवहाराकडे पाहावे. कोणतीही बँक ठेवीदारांचा सारा पैसा तिजोरीत ठेवीत नाही; बरीच रक्कम कर्जाऊ दिलेली असते. बँक बुडणार अशी हूल उठली की सुदृढ बँकही डळमळते. अशा वेळी दाराला कुलूप लावणारा व्यवस्थापक अफवेवर शिक्कामोर्तब करतो. खिडकी उघडी ठेवून मागेल त्याला पैसे मोजून देणारा ती संपवितो. मात्र त्यासाठी गंगाजळी आधीच साठविलेली असावी लागते.

राज्यसंस्थेची गंगाजळी म्हणजे तिच्या शब्दावरील विश्वास. गैरसोयीचे आकडे वेळेवर प्रसिद्ध करून, चूक झाल्यास ती कबूल करून आणि प्रश्नाला सरळ उत्तर देऊन ती शांततेच्या काळात जमते. वृत्तव्यवसायालाही हेच लागू पडते. ८ मे २०२५ च्या रात्री काही भारतीय वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले. ते खरे नव्हते. देशप्रेमाच्या भरात सांगितलेले असत्यही शेवटी त्याच गंगाजळीतून खर्ची पडते, आणि शत्रूला साधावयाचे असते ते त्याला फुकट मिळते.

नागरिकाचा वाटाही यात आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आकडा कोणी, केव्हा आणि कोणत्या आधारावर दिला, हे आधी पाहावयास शिकवितात. हीच तीन प्रश्नांची शिस्त शिक्षकाने वर्गात प्रत्येक चित्रफितीला लावून दाखवावी, आणि समाधान होईपर्यंत संदेश पुढे धाडू नये. मात्र अशी खात्री करून घेण्यासाठी नागरिक अखेर सरकारच्या आणि वृत्तपत्रांच्याच दाराशी जाणार. एरवी त्या दाराशी त्याला खरे उत्तर मिळत आले असेल, तरच संकटाच्या रात्री तो तेथे जाईल.