चाळणी आणि रकाने

मुलांनो, तुमच्या घरी पीठ चाळताना तुम्ही पाहिले असेल. बारीक पीठ चाळणीतून खाली पडते आणि कोंडा वर राहतो. तो लगेच फेकून देत नाहीत. त्यात काही कामाचे राहिले नाही ना, हे आधी पाहतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. आज आपण संगणकातील एका चाळणीची ओळख करून घेणार आहोत.

संगणक प्रोग्रॅमप्रमाणे काम करतो. प्रोग्रॅम माणसे लिहितात, म्हणून त्यात चुका राहतात. कधी बटण दाबले तरी पान उघडत नाही. कधी उर्दू मजकुराची अक्षरे सुटी सुटी दिसतात. अशा चुकीला 'बग' म्हणतात. बग म्हणजे किडा. १९४७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क दोन' या यंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो नोंदवहीच्या पानावर चिकटवून ठेवला. यंत्रातील दोषाला किडा म्हणण्याची पद्धत मात्र त्याआधीपासूनच होती.

चुका सुधारायच्या तर आधी त्या लिहून ठेवाव्या लागतात. त्यासाठी संगणकावर तक्रारवही असते. १९९८ साली मोझिला प्रकल्पासाठी टेरी वाइसमन यांनी अशी एक वही तयार केली. तिचे नाव 'बगझिला'. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत मिळणाऱ्या फायरफॉक्स ब्राउझरच्या चुका तिच्यातच नोंदवल्या जातात. २०१४ साली या वहीतील तक्रारींचा क्रमांक दहा लाखांच्या पुढे गेला. आता सांगा, इतक्या तक्रारी एक माणूस कशा वाचणार? आपल्या कामाच्या तेवढ्याच तक्रारी समोर याव्यात, यासाठी चाळणी लागते. तिला 'फिल्टर' म्हणतात. निवडलेल्या प्रत्येक तक्रारीबद्दल काय काय दिसावे, हे रकाने ठरवतात. थोडक्यात, चाळणी ओळी निवडते आणि रकाने माहिती निवडतात.

हे नीट समजण्यासाठी आमच्या शाळेतील एक गोष्ट ऐका.

शाळेत एक जाड तक्रारवही होती. तिच्यात पाच रकाने होते : क्रमांक, तारीख, तक्रार, प्रकार आणि स्थिती. लिपिकसाहेब दर शनिवारी वहीतून तीन चिठ्ठ्या काढत. 'वीज' लिहिलेल्या तक्रारी वायरमनच्या चिठ्ठीवर, 'पाणी' लिहिलेल्या प्लंबरच्या आणि 'लाकूडकाम' लिहिलेल्या सुताराच्या. पद्धत चांगली होती. कामे भराभर होत.

एके दिवशी सातवीतील एका मुलीने लिहिले, "टाकीच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात." आता ही तक्रार पाण्याची की विजेची? तिला ते कळेना. तिने 'प्रकार' हा रकाना कोरा सोडला. शनिवारी चिठ्ठ्या निघाल्या. ही तक्रार एकाही चिठ्ठीवर आली नाही. वायरमनने आपली कामे केली, प्लंबरने आपली केली. प्रत्येकाची चिठ्ठी पूर्ण झाली. अकरा दिवसांनी तीच मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "टीचर, मी वहीत लिहिलं होतं. अजून तसंच होतंय." आम्ही धावत जाऊन मेन स्विच बंद केला. पंपाची उघडी पडलेली वायर पाइपाला टेकली होती. थोडक्यात निभावले.

यात चूक कोणाची? मुलीने तक्रार केली होती. कामगारांनीही कामचुकारपणा केला नव्हता. चूक चाळणीत होती. जे कोणत्याच चिठ्ठीत बसत नाही ते पाहण्याची सोय आम्ही केली नव्हती. त्यानंतर लिपिकसाहेब चौथी चिठ्ठी काढू लागले : 'प्रकार कोरा'. ती मुख्याध्यापकांकडे जाते आणि सर्वांत आधी वाचली जाते.

संगणकाच्या तक्रारवहीतही असेच घडते. म्हणून चाळणी तयार करताना काही गोष्टी पाळाव्यात.

पहिली गोष्ट, आधी प्रश्न ठरवावा. "आज मी कोणते काम हाती घेऊ?" हा काम करणाऱ्याचा प्रश्न आहे. "कोणते काम अडले आहे?" हा प्रमुखाचा प्रश्न आहे. प्रश्न दोन, म्हणून चाळण्याही दोन. बगझिलात प्रत्येक चाळणी नाव देऊन जपून ठेवता येते.

दुसरी गोष्ट, शब्द ठरलेले असावेत. एकाने 'वीज' लिहिले, दुसऱ्याने 'लाईट' आणि तिसऱ्याने 'करंट', तर माणूस समजून घेईल. 'वीज' हा शब्द शोधणारी चाळणी मात्र उरलेल्या दोन तक्रारी सोडून देईल. म्हणून ठरलेल्या शब्दांतून निवड करू द्यावी. त्यात 'माहीत नाही' हा शब्दही असावा. नाहीतर लोक कोणताही शब्द निवडून मोकळे होतात.

तिसरी गोष्ट, 'आणि' व 'किंवा' यांतील फरक ओळखावा. 'वीज आणि अपूर्ण' म्हटले की दोन्ही अटी पाळणाऱ्या तक्रारीच येतात, म्हणून यादी लहान होते. 'वीज किंवा पाणी' म्हटले की दोन्ही प्रकारच्या तक्रारी येतात आणि यादी वाढते.

आता रकान्यांकडे वळू. यादीत फक्त अपूर्ण कामेच असतील, तर 'स्थिती' हा रकाना कशाला हवा? प्रत्येक ओळीत 'अपूर्ण' हाच शब्द दिसेल. ती जागा 'किती दिवस झाले' या रकान्याला द्यावी. हा रकाना आमच्या वहीच्या चिठ्ठीवर असता, तर अकरा दिवस नजरेत भरले असते. बगझिलात 'गंभीरता' आणि 'प्राधान्य' असे दोन वेगळे रकाने आहेत. चुकीमुळे किती नुकसान होते, हे गंभीरता सांगते. ती कधी सुधारायची, हे प्राधान्य सांगते. हे दोन्ही एक समजू नयेत.

रकान्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो. मराठी वाचताना आपली नजर डावीकडून निघते आणि उर्दू वाचताना उजवीकडून. म्हणून मराठी यादीत पहिला रकाना डावीकडे येतो आणि उर्दू यादीत उजवीकडे. यादी कोणत्याही भाषेत असो, सर्वांत गरजेची माहिती नजर जिथून निघते तिथे असावी.

मुलांनो, तुमच्या वर्गासाठी अशी एक तक्रारवही तयार करा. रकाने विचार करून आखा. मग चाळण्या ठरवा. शेवटी स्वतःला एक प्रश्न विचारा : कोणत्याच चाळणीतून खाली न आलेली तक्रार कोण वाचणार? त्या कामासाठी एका मुलाचे किंवा मुलीचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा.