शाळेच्या संगणकावरील मराठी अक्षर : फॉन्टांची निवड व स्थापना

चाचणी परीक्षेची प्रश्नपत्रिका केंद्रशाळेतून गावच्या शाळेत पेनड्राइव्हवर येते. शिक्षक ती संगणकावर उघडतात आणि मराठी वाक्यांच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. कधी मजकूर मराठीतच असतो; पण जोडाक्षरे फुटलेली असतात किंवा एखाद्या अक्षराऐवजी रिकामी चौकट उभी असते. परीक्षा दुसऱ्या दिवशी असल्यास प्रश्न फळ्यावर लिहून वेळ निभावून न्यावी लागते आणि यंत्र बिघडले, असा समज होऊन ते पुन्हा कापडाखाली झाकून ठेवले जाते. वस्तुतः यंत्रास काहीही झालेले नसते. उणीव असते ती अक्षरांच्या साच्यांत, म्हणजेच फॉन्टांत. उबुंटू, डेबियन किंवा सी-डॅक या संस्थेने २००७ साली प्रथम प्रसृत केलेली ‘बॉस’ यांसारखी मुक्त प्रणाली ज्या शाळांच्या संगणकांवर आहे, त्या शाळांतील शिक्षकांस ही उणीव विनाखर्च दूर करता येते.

फॉन्ट म्हणजे काय?

छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर छापला जाई, त्या काळी प्रत्येक अक्षराचा निराळा खिळा असे. जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या धरून मराठीच्या एका संचास कित्येक घरांच्या पेट्या लागत. मुंबईस १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींची कीर्ती झाली ती त्यांच्या सुबक खिळ्यांमुळेच. संगणकातील फॉन्ट म्हणजे अशा खिळ्यांची पेटीच होय. ती शिशाची नसून एका फाइलीत साठवलेल्या आकृत्यांची असते, एवढाच भेद. खिळा पेटीत नसेल तर जुळाऱ्यास ते अक्षर लावता येत नसे. त्याचप्रमाणे आकृती फॉन्टात नसेल तर संगणक ती दुसऱ्या फॉन्टातून उसनी घेतो, आणि कोठेच न मिळाल्यास रिकामी चौकट दाखवतो.

येथे फॉन्ट व कळफलक यांतील फरक ध्यानात घ्यावा. कोणती कळ दाबली असता कोणते अक्षर उमटावे, हे कळफलकाची मांडणी ठरवते. ते अक्षर कसे दिसावे, हे फॉन्ट ठरवतो. फॉन्ट बदलल्याने टंकलेखनाची रीत बदलत नाही.

जुने फॉन्ट व युनिकोड

संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. आरंभीच्या काळात मराठीस स्वतःचे क्रमांक सर्वत्र उपलब्ध नव्हते. म्हणून रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकृत्या बसवलेले फॉन्ट प्रचारात आले. त्यांनी मराठी मुद्रणाची दीर्घकाळ सेवा केली, हे मान्य केले पाहिजे. परंतु अशा फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरेच साठवलेली असतात. त्यांना मराठीचा वेष तेवढा चढवलेला असतो. तोच फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसेल तर वेष गळून पडतो आणि आतील रोमन अक्षरे उघडी पडतात. प्रश्नपत्रिकेचा जो गोंधळ होतो, त्याचे कारण हेच.

१९९१ साली युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीस २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग मिळाला. ‘क’ म्हणजे २३२५, मग यंत्र कोणतेही असो. ‘क्ष’ला मात्र वेगळा क्रमांक नाही. क (२३२५), हलन्त (२३८१) आणि ष (२३५९) असे तीन क्रमांक ओळीने साठवले जातात, आणि त्यांची एकच आकृती करण्याचे काम फॉन्ट करतो. वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसली तरी साठवताना ती व्यंजनानंतरच येते, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. मुलांना जोडाक्षरांची फोड शिकवताना शिक्षक जी रीत अवलंबतात, तीच येथे उपयोगात आणलेली आहे.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, युनिकोडमधील मजकूर कोणत्याही युनिकोड फॉन्टात वाचता येतो. दुसरी अशी की, जुन्या फॉन्टातील मजकूर निवडून केवळ फॉन्टाचे नाव बदलल्याने तो युनिकोड होत नाही. त्यासाठी रूपांतर करणाऱ्या साधनाचा उपयोग करावा लागतो, आणि रूपांतरानंतर मजकूर मुळाशी ताडून पाहावा लागतो. कारण रफार, वेलांट्या व जोडाक्षरे यांत चुका राहण्याचा संभव असतो.

फॉन्ट कसा बसवावा?

मुक्त प्रणालीत काही देवनागरी फॉन्ट बहुधा आधीच बसवलेले असतात. अक्षरलेखनाच्या कार्यक्रमात फॉन्टांची यादी उघडली असता ‘लोहित’, ‘गार्गी’, ‘नकुल’, ‘सहदेव’ अशी नावे आढळतात. नवे काही आणण्यापूर्वी ही यादी पाहावी. डेबियन व उबुंटू यांच्या भांडारात लोहितचे मराठीसाठी वेगळे पॅकेजही आहे. इंटरनेटची सोय असेल तर ते तेथून घेणे सर्वांत सुरक्षित. कारण मग पुढील सुधारणा आपोआप मिळतात.

ज्या गावी इंटरनेटची सोय बेताची आहे, तेथे पुढील क्रम ठेवावा.

१. तालुक्याच्या गावी किंवा केंद्रशाळेत फॉन्टाची फाइल मूळ प्रकाशकाच्या स्थळावरून उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावी. ती झिप स्वरूपात असल्यास प्रथम उलगडावी. आत टीटीएफ किंवा ओटीएफ या आद्याक्षरांनी संपणाऱ्या फाइली मिळतील.

२. त्या फाइलीवर दोनदा टिचकी मारावी. फॉन्टाचा नमुना दाखवणारी खिडकी उघडेल. तीतील ‘इन्स्टॉल’ हे बटण दाबले की काम झाले.

३. असे बटण नसल्यास वापरकर्त्याच्या घर-फोल्डरात जावे व कंट्रोल आणि एच या कळा एकदम दाबाव्यात. म्हणजे टिंबाने आरंभ होणारी लपलेली फोल्डरे दिसू लागतील. त्यांपैकी ‘लोकल’, त्यात ‘शेअर’, त्यात ‘फॉन्ट्स’ या फोल्डरात फाइल ठेवावी. शेवटचे फोल्डर नसेल तर रोमन लिपीत, लहान अक्षरांत ते नाव देऊन नवे करावे.

४. अक्षरलेखनाचा कार्यक्रम उघडा असेल तर तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. एरवी नवा फॉन्ट यादीत न दिसण्याचा संभव आहे.

या रीतीने बसवलेला फॉन्ट फक्त त्याच वापरकर्त्यास मिळतो. शिक्षकांचे व विद्यार्थ्यांचे खाते वेगळे असल्यास विद्यार्थ्यांच्या खात्यातही तो बसवावा, अथवा प्रशासकाच्या परवलीने तो सर्वांच्या सामाईक फॉन्ट-फोल्डरात ठेवावा.

लिब्रे ऑफिसमध्ये आणखी एक गोष्ट करावी लागते. हा कार्यक्रम रोमन मजकुराचा फॉन्ट व भारतीय लिप्यांचा फॉन्ट यांची नोंद वेगवेगळी ठेवतो. त्यांचे आकारमानही वेगळे असते. ऑप्शन्समधील भाषाविषयक भागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी मराठी निवडावी. त्यानंतर अक्षरांच्या गुणधर्मांत दोन्ही लिप्यांचा फॉन्ट व आकार स्वतंत्रपणे ठरवता येतो. फॉन्ट बदलूनही अक्षर बदलत नाही, अशी तक्रार येते तेव्हा बदल बहुधा रोमनच्या घरात झालेला असतो.

मराठीस योग्य फॉन्ट

देवनागरीचा प्रत्येक फॉन्ट मराठीस योग्य असतोच असे नाही. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ व १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयांनी मराठी वर्णमाला व वर्णांचे लेखन निश्चित केले आहे. त्यांनुसार मराठीत ‘ल’ पाकळीयुक्त व ‘श’ देठयुक्त लिहावयाचा असतो. हिंदीच्या वळणाचे फॉन्ट मात्र उभा दंड असलेला ‘ल’ दाखवतात. पहिलीतील मूल पाठ्यपुस्तकात एक ‘ल’ गिरवते आणि चाचणीच्या कागदावर निराळाच ‘ल’ पाहते. मोठ्या माणसाच्या हे ध्यानातही येत नाही. परंतु ज्याची अक्षरओळख कालपरवाच झाली आहे, ते मूल तेथे अडते. आपल्याला येत नाही, असे त्याला वाटते, आणि शिक्षकांनाही तसेच वाटण्याचा धोका असतो. ही चूक मुलाची नसते.

काही फॉन्टांत, उदाहरणार्थ ‘नोटो सॅन्स देवनागरी’त, दोन्ही आकृत्या असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले तर मराठी आकृती येते, हिंदी सांगितले तर हिंदी. यास्तव वर सांगितलेली भाषेची निवड आवश्यक ठरते. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा तर मराठीसाठीच रचलेला फॉन्ट आहे. राज्य मराठी विकास संस्थेनेही ‘यशोमुद्रा’ व ‘यशोवेणू’ हे फॉन्ट उपलब्ध करून दिले आहेत.

दुसरी कसोटी अर्ध्या ‘र’ची. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस, ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ सह्याद्रीच्या. हा भेद मराठीचा आहे आणि फॉन्टास तो दाखवता आला पाहिजे. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘जे’ या कळीवर र आहे. शिफ्टसह तीच कळ दाबून ऱ घ्यावा, त्यास हलन्त जोडावा आणि मग य किंवा ह लिहावा. तिसरी कसोटी ‘ॲ’ या अक्षराची. यास २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. त्यापूर्वीच्या फॉन्टांत ते नसण्याचा संभव आहे.

फॉन्ट पारखण्यासाठी जिल्ह्यातीलच शब्दांची ओळ लिहून पाहावी : पन्हाळा, हातकणंगले, गडहिंग्लज, सह्याद्रीच्या दऱ्या, कृष्णा, ज्योतिबा, महालक्ष्मी, हृदय, श्रद्धा, विद्यार्थ्यांनी, ॲल्युमिनियम. अनुस्वार रफारावर चढतो काय, ‘हृ’ नीट जुळतो काय, ‘ळ’ सुस्पष्ट आहे काय, ५, ८, ९ हे अंक मराठी वळणाचे आहेत काय, हे पाहावे. ओळ कागदावर छापून बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकाशेजारी ठेवावी. ज्याचे अक्षर पुस्तकाशी अधिक जुळते, तो फॉन्ट वर्गासाठी घ्यावा.

लहान वर्गांसाठी नक्षीदार फॉन्ट टाळावेत. ‘घ’ आणि ‘ध’ यांत शिरोरेषेच्या तुटीचा महत्त्वाचा भेद आहे. ‘भ’ आणि ‘म’ यांचेही तसेच. जाड किंवा अलंकृत अक्षरांत ही तूट बुजते. ‘ख’चे दोन भाग सुटे पडून तो ‘रव’ असा वाचला जाऊ नये, हेही पाहावे. आकाराचे माप पॉइंटात देतात. ७२ पॉइंट म्हणजे १ इंच. परंतु हे माप अक्षराचे नसून खिळ्याच्या अंगाचे, म्हणजे वरच्या मात्रेपासून खालच्या उकारापर्यंतच्या जागेचे आहे. म्हणून २४ पॉइंटांचे अक्षर प्रत्यक्षात तिसरा हिस्सा इंच भरत नाही, आणि दोन फॉन्टांतील २४ पॉइंट सारखे दिसत नाहीत. आकड्यावर न विसंबता कागद मुलाच्या हाती देऊन पाहावा.

मजकूर दुसरीकडे पाठवताना

छापण्यासाठी पाठवावयाचा कागद पीडीएफ स्वरूपात पाठवावा; त्यात वापरलेल्या आकृत्या कागदाबरोबरच जातात. ज्यात पुढे दुरुस्ती व्हावयाची आहे, ती मूळ फाइल द्यावी. लिब्रे ऑफिसमध्ये फाइलीच्या गुणधर्मांत फॉन्ट अंतर्भूत करण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा. मुक्त परवान्याचे फॉन्ट एका शाळेने दुसऱ्या शाळेस देण्यास कोणतीही हरकत नाही. परवाना मात्र फाइलीबरोबर राहू द्यावा. विकत घेतलेल्या फॉन्टांची परवान्याबाहेर नक्कल करणे बेकायदेशीर आहे, आणि आता त्याची गरजही उरलेली नाही.

शाळेचे काम केवळ प्रश्नपत्रिकांचे नाही. जन्मतारीख, नाव, आडनाव असलेला दाखला शाळेतूनच निघतो आणि तो मुलाबरोबर आयुष्यभर राहतो. रूपांतरात ‘श्रद्धा’चे काही तरी भलतेच झाले आणि ते तसेच छापले गेले, तर दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात ते मोलमजुरीचा दिवस बुडवून आलेल्या पालकांना. यास्तव नावांच्या याद्या आरंभापासून युनिकोडमध्येच ठेवाव्यात आणि प्रत्येक छापील दाखला सहीपूर्वी जनरल रजिस्टराशी अक्षरशः ताडून पाहावा.

करवीर संस्थानात १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत आले की त्याच्यासमोर जे अक्षर ठेवावयाचे, ते निर्दोष असावे, ही जबाबदारी आता शाळेची. केंद्राच्या एका शिक्षण परिषदेत तासभर वेळ काढून सर्व शाळांनी एकच फॉन्ट ठरवला, तो पेनड्राइव्हवरून वाटून घेतला आणि वर दिलेली शब्दांची ओळ प्रत्येक संगणकावर छापून पाहिली, तर पुढील चाचणीची प्रश्नपत्रिका केंद्रशाळेत जशी दिसते तशीच गावच्या शाळेतही दिसेल.